मैदानावरची हजेरी

८ जानेवारी १९३५, परभणी

दिनकरराव मास्तरांनी आम्हा सगळ्या खेळाडूंना रोजनिशी ठेवायला सांगितली आहे. शाळेत सरकारी फसली साल चालतं, घरी तिथी चालते, आणि मास्तर म्हणतात तारीख इंग्रजी घाला. पहिल्याच पानावर रडगाणं लिहायची वेळ आली, त्याला माझा इलाज नाही.

येळवशीला, शेतातल्या अवसेच्या सणाला, मी गावी गेलो. आमचं गाव पाथरीजवळ. त्या दिवशी पोरगा शेतात जेवायला नसला तर माय घास घेत नाही. आंबील प्यालो, भज्जी-भाकरी खाल्ली, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर हजर झालो. मास्तरांनी हजेरी घेतली आणि माझं नाव गाळलं. एक दिवस चुकला म्हणून औरंगाबादच्या व्हॉलीबॉलच्या सामन्यांतून मला काढलं. मी तोंड वर करून म्हणालो की नेटवर उडी मारून चेंडू खाली ठोकणारा माझ्यासारखा शूटर तुमच्याकडे दुसरा नाही. मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, "खरं आहे, सटवाजी. पण वहीत नाव नाही तो मैदानावर नाही."

विहिरीमागे जाऊन तासभर रडलो. सतरा वर्षांचा घोडा, सहा फुटांवर दोन बोटं उंची, आणि पोरीसारखा मुळूमुळू रडत होतो.

१६ जानेवारी १९३५

संघ हरून आला. वाटलं होतं, मास्तर आता पस्तावतील. ते बैलगाडीतून उतरले आणि आधी वही उघडली. असा माणूस मी पाहिला नाही. आजपासून शपथ, माय मेली तरी मैदान चुकवणार नाही. (माये, हे वाचता येत नाही तुला, म्हणून लिहिलं.)

५ डिसेंबर १९३६, हैदराबाद

जिंकलो. संपूर्ण रियासतीतल्या शाळांत पहिले आलो. शेवटच्या डावात तेरा गुण माझ्या एकट्याच्या हाताचे. चेंडू वर चढतो, मी उडी घेतो, आणि वर क्षणभर काहीच ऐकू येत नाही, तेवढ्यासाठी मी हा खेळ खेळतो. खाली आलं की पुन्हा फी थकलेला, तोडकं उर्दू बोलणारा पाथरीकडचा पोरगा.

तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, एका बड्या साहेबांनी पाठ थोपटली. मॅट्रिक हो, ड्रिल मास्तरची जागा देतो म्हणाले. मास्तर मात्र परतीच्या गाडीत एवढंच बोलले की तिसऱ्या डावात माझा पाय रेषेवर पडला होता. मला तोच शाबासकीचा शब्द वाटला.

३० ऑगस्ट १९४०

पुष्कळ दिवस वही उघडली नव्हती. साहेबांनी शब्द पाळला, आमच्याच शाळेत दिनकररावांच्या हाताखाली मी ड्रिल शिकवतो. लग्न झालं. कडूबाई घरात आली. तिच्या आधीची तीन भावंडं गेली म्हणून तिला असं नाव ठेवलं, पण बाई गोड आहे. शाळेबाहेरच्या तरुणांचा संघही आता आहे. पैठणपासून नांदेडपर्यंत सामने खेळतो आणि लोक मला बघायला येतात, हे स्वतःच लिहावं लागतं.

११ फेब्रुवारी १९४१

नांदेडला खांदा निखळला. हाडवैद्याने जागेवर बसवला, पण हात कानाच्या वर जात नाही.

२९ मार्च १९४१

आज मैदानावर जाऊन पाहिलं. लिफ्टरने चेंडू छान उचलून दिला, मी उडी घेतली, आणि हात अर्ध्यात थांबला. चेंडू माझ्या डोक्यावर पडला. पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. तेविसाव्या वर्षी माझा खेळ संपला. कडूबाई म्हणाली, शिकवा आता. शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात वाढणं. भूक आपली तशीच राहते.

२० सप्टेंबर १९४२

आज विचित्रच झालं. रियासतीत कुठलीही माणसं जमवायची तर परवानगी लागते, तालमीलासुद्धा. आमच्या मैदानाची परवानगी मास्तर दर वर्षी आणत आणि दर जुम्म्याला, शुक्रवारी, ठाण्यात आकडा कळवत, इतके जण आले, एवढंच. आता ठाण्याने सांगितलं आहे की आकडा नको, नावं द्या. कोण आला, कोण नाही, राहणारा कुठला. मास्तरांनी साफ नकार दिला आणि नोकरीचा राजीनामाच लिहून दिला. साधी वही दाखवायची, त्यात एवढं काय? आयुष्यभर हजेरी हजेरी केलेल्या माणसाने वही दाखवायला लाजावं?

संध्याकाळी भेटायला गेलो. सामान बांधत होते, पुण्याला भावाकडे जाणार. मला म्हणाले, "मैदान चालव. वही देऊ नकोस." मी विचारलं, मग मैदान कसं चालणार? ते पुन्हा दोरी आवळायला लागले. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

२५ सप्टेंबर १९४२

नावं देण्याच्या मुचलक्यावर सही केली. मैदान आता माझ्या नावावर. ठाण्याचे नवे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, भला माणूस. ठाण्यात बोलावत नाहीत, जुम्म्याला स्वतः मैदानावर येतात, खुर्ची टाकून सामना बघतात आणि जाताना वही चाळतात. हजर त्याला काळी शाई, गैरहजर त्याला लाल, ही माझी पद्धत बघून म्हणाले, "मास्टर, आपका रजिस्टर तो आईना है." एवढी कदर दिनकररावांनी कधी केली नाही.

७ नोव्हेंबर १९४५

मुंजाजी नावाचा पोरगा आला. सेलूच्या वाटेवरच्या एका वाडीचा, घरी म्हातारी आई पार्वतीबाई आणि थोडी जमीन. रोज सहा मैल चालत येतो. आज तिसऱ्याच दिवशी त्याला नेटवर उभा केला. लिंबाजीने चेंडू उचलून दिला. लिंबाजी आमचा लिफ्टर, गवळ्याचा पोरगा, त्याच्या बोटांत चेंडू फुलासारखा राहतो. मुंजाजी वर गेला आणि वरच थांबला. मी जिथे थांबायचो, त्याच्या वीतभर वर.

घरी आलो आणि कडूबाईला सांगितलं. मला हेवा वाटला, हेही सांगितलं. ती म्हणाली हेवा वाटू द्या, पण पोराला नीट शिकवा.

३ मार्च १९४७

दीड वर्षात त्याला मी माझं सगळं दिलं. पुढच्या हिवाळ्यात हैदराबादला मोठे सामने आहेत. देवाने माझा हात घेतला आणि ह्याला दिला असं समजतो. तो खेळावा, जिंकावा, आणि मी कडेला बसून बघावं, एवढंच आता मागणं आहे.

१२ सप्टेंबर १९४७

तिकडे देश स्वतंत्र झाला, आम्ही होतो तिथेच. रझाकार काठ्या-भाले घेऊन फिरतात. तरुण पोरं हद्द ओलांडून वऱ्हाडात वाशीमकडे जातात, तिथे म्हणे छावण्या आहेत. कधीतरी इकडे येऊन करोडगिरीचा, जकातीचा, एखादा नाका जाळतात आणि परत जातात. मी माझ्या पोरांना बजावलं आहे की मैदानावर राजकारण नको, नाहीतर परवानगी जाईल. सगळ्यांनी माना खाली घातल्या. 

२२ नोव्हेंबर १९४७

आमचा किशनराव धरला गेला. मागच्या फळीत खेळायचा, शांत मुलगा. आठवड्याआधी चार दिवस आला नव्हता, मामाकडे गेलो होतो म्हणाला. ठाण्याला बरोबर कसं कळलं? गेल्या दोन महिन्यांत आणखी तिघे असेच धरले गेले. आपल्यातलाच कुणीतरी चुगली करतो. मन लागत नाही.

२ डिसेंबर १९४७

चुगलखोर सापडला. लिंबाजी रोज सकाळी अमीनसाहेबांच्या घरी दुधाचा रतीब घालतो. मला हे आधी सुचू नये? शिवाय हा एक दिवस कधी चुकत नाही, सगळ्यांवर नजर ठेवल्यासारखा. आज सगळ्यांसमोर त्याला विचारलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच वेडा. मग एवढंच म्हणाला, "मास्तर, तुमीच हे इचारायलाव?" मी त्याचं नाव वहीतून काढून टाकलं. इतका चांगला लिफ्टर पुन्हा मिळायचा नाही, पण नासका आंबा अढीत ठेवता येत नाही.

५ डिसेंबर १९४७

आज जुम्मा. अमीनसाहेबांनी विचारलं, लिंबाजी कुठे? मी म्हणालो काढला. त्यांना हसू आलं. त्यांचा माणूस रंगेहाथ पकडला म्हणून ओशाळले असतील.

२० फेब्रुवारी १९४८

हैदराबादचे सामने ह्या धामधुमीत होणार नाहीत असं कळलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात मुंजाजी सोडला तर माझ्या वहीत लाल शाई नाही. एकाला थंडीताप होता, तो घोंगडं पांघरून आला आणि नाव पुकारेपर्यंत नेटजवळ कुडकुडत बसला. एकाच्या बहिणीची हळद होती, तो हळदीच्या हातानेच धावत आला. दिनकररावांना जे कधी जमलं नाही ते मला जमलं. चहूकडे हे असं चाललं असताना पोरांना मैदानाची एवढी ओढ आहे, यावरच मी जगतो.

९ मार्च १९४८

मुंजाजीशी भांडलो. महिन्यात नऊ दिवस लाल. विचारलं की कुठे उलथतोस? मायचं दुखतंय, बैल बघायला गेलो, अशी काहीबाही उत्तरं. मी म्हणालो की तुझ्यासारखा शूटर पन्नास वर्षांत होत नाही आणि तू मातीत घालायला निघालास.  तो म्हणाला, "मास्तर, म्या नसलो तर नसलो म्हनून लिवा. माज्यासाठी तुमी कवा खोटं लिवू नका." ही त्याची बेफिकिरी पाहून माझा संताप झाला. पोराला हजेरीची किंमतच नाही.

१६ एप्रिल १९४८

जुम्मा. अमीनसाहेब आज सामना न बघताच खुर्चीवर बसले. हिंगोलीकडचा नाका सोमवारी जळाला म्हणे. सोमवार-मंगळवारची पानं मागितली आणि एका चिठ्ठीवर काहीतरी उतरवून घेतलं. मला विचारलं की मुंजाजी तुमच्या हाताखालचा सगळ्यात चपळ ना? मी म्हणालो चपळ काय, रियासतीत तोड नाही, आठ कोस चालून आला तरी माणसाच्या डोक्यावरून उडी मारेल. बोलताना ऊर भरून आला. त्यांनी तेही लिहून घेतलं. एखाद्या मोठ्या संघात शिफारस करायची असेल, नाहीतर कोण विचारतं?

१८ एप्रिल १९४८



सकाळी कडूबाईला अमीनसाहेबांच्या शिफारशीचं सांगत होतो. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, "किशनरावाच्या नावापुडं लाल झालं, अन् त्याच आठवड्यात त्याला धरलं. त्याच्या आधीच्यांचं बी तसंच. मला वाचता येत न्हाई, पर लाल शाई दिसती." मी तिच्यावर ओरडलो. बाईमाणसाने यात पडू नये म्हणालो. ती पुन्हा भाकरीला लागली.

मग वही काढली. तारखा लावल्या. चौघे धरले गेले. चौघांच्याही आधी तीन-चार लाल खुणा, मध्ये एक जुम्मा, आणि मग अटक. एकदाही चुकलेलं नाही. वहीवरच्या सगळ्या खुणा माझ्या हातच्या आहेत.

तसाच मुंजाजीच्या वाडीला पळालो. पार्वतीबाई म्हणाल्या, पहाटेच गेला, जिंतूरला बैल बघायला. कधी येणार ते सांगून गेला नाही. त्या माऊलीने मला ताक दिलं. मास्तर स्वतः घरी आले म्हणून तिला केवढं अप्रूप. मी काय सांगू तिला? पोराला म्हणावं मैदानावर येऊ नकोस, एवढंच बोललो. तिला वाटलं मी रागावलो आहे.

१९ एप्रिल १९४८

मुंजाजी आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं. मुंजाजी, काळी शाई, हजर.

२२ एप्रिल १९४८

मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस हजर लिहिला. उद्या जुम्मा. अमीनसाहेबांनी विचारलं तर डोळ्यांत डोळे घालून सांगायचं की रोज येतो, काल तर सहा गुण मारले. पोरांनाही सांगितलं की विचारलं तर हेच सांगा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटतं अजून वेळ गेलेली नाही.

२३ एप्रिल १९४८

अमीनसाहेबांनी पान उघडलं, बोट फिरवत आणलं आणि मुंजाजीच्या नावावर थांबवलं. विचारलं, काल खेळला? मी म्हणालो, हो, खेळला. छान खेळला.  त्यांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"मास्टर, वो मंगल से हमारे पास था," ते म्हणाले. "कल फजर को गुजर गया."

मग खुर्ची उचलून ठेवा म्हणाले आणि गेले. मी तिथेच बसून राहिलो. पोरांनी नेट सोडलं, गुंडाळलं आणि निघून गेली. कुणी माझ्याजवळ आलं नाही.

२ मे १९४८

परवानगी परत केली. खांदा दुखतो असं कारण लिहिलं. माझ्या जागी दुसरा असता तर खरं लिहिलं असतं. कडूबाई दोन्ही वेळ समोर ताट ठेवते.

पार्वतीबाईंकडे अजून गेलेलो नाही. रोज निघतो, वाडीच्या वाटेवरच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो.

२१ सप्टेंबर १९४८

फौजा आल्या आणि चार दिवसांत रियासत संपली. रस्त्यावर गुलाल आहे. तुरुंगातून किशनराव सुटला, फार वाळला आहे. घरी येऊन माझ्या पाया पडायला वाकला आणि मध्येच थांबला, मग नुसताच रामराम करून गेला. 

गावातली चार शहाणी माणसं येऊन गेली. मैदान पुन्हा सुरू करा, मुंजाजीचं नाव द्या, पहिला हार तुम्हाला, म्हणाली. त्या काळात तुम्ही तरुणांना एकत्र ठेवलंत, असंही म्हणाली. मी त्यांना दारापर्यंत पोचवून आलो.

२४ सप्टेंबर १९४८

लोकांनी काल लिंबाजीला घरातून ओढून काढलं. मुंजाजीचा खुनी म्हणून वेशीपाशी त्याच्या दोन्ही हातांची बोटं दगडाने ठेचली. चुगलखोर म्हणून त्याचं नाव पहिल्यांदा सगळ्यांसमोर मीच घेतलं होतं.

२५ सप्टेंबर १९४८

गेलो. लिंबाजी गोठ्यात बसला होता, हातांना हळदीचे फडके बांधलेले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वही, लाल शाई, जुम्मा, माझा मूर्खपणा. मला माहीत नव्हतं, एवढं तीनदा म्हणालो.

 तो म्हणाला, "आमाला तर लय दिसापासून ठाऊक व्हतं, मास्तर. किशनरावाच्या आधीपासून. आमाला वाटलं तुमी जानूनच देताव."

मी खाली बसलो. विचारलं, मग येत कशाला होता रे रोज? तापात, लग्नातून?

"न्हाई आलं तर लाल व्हतंय ना," तो म्हणाला. "खेळायला कोन येत व्हतं? हजेरी लावायला येत व्हतो समदे. मुंजाला बी लय सांगितलं, दिवसाआड तरी तोंड दावून जा. ऐकलं न्हाई. म्हनायचा, तुमी समदे येडे हाव, मास्तर तसले न्हाईत. एकटा तोच म्हनायचा."

 म्हशीची धार काढायची वेळ झाली होती आणि त्याला काढता येत नव्हती. मी काढायला बसलो. मला नीट जमत नाही, निम्मं दूध सांडलं.

उद्या चावडीवर सगळ्यांसमोर लिंबाजीचं नाव सोडवायचं आणि माझं घालायचं, ते ठरलं आहे. ते जमेल मला. पण त्याआधी सकाळी पुलापलीकडे जायचं आहे. पार्वतीबाईंना सांगायचं आहे की तुमचा पोरगा माझ्यावर विश्वास ठेवून गैरहजर राहत होता.